परिहार

कोर्टाच्या कंपाउंडला लागून, झेरॉक्सवाल्या बसूच्या शेजारी
माझं टेबल.
कन्नडातून मराठीत, पानाला ऐंशी रुपये.
मराठीतून कन्नडात, शंभर.
तिकडं चूक चालत नाही.

कल्लाप्पा हुंदरे दोन निकाल घेऊन आला.
बेळगावचा कन्नडात, धारवाडचा इंग्रजीत,
आणि तो स्वतः मराठीत.
"वाचा की बाई. जिंकलो म्हणतात वकील,
खरं काय जिंकलो ते सांगंनात."

उद्यमबागेतली फाउंड्री.
भोंगा सहाला. कार्ड पंच सहा वाजून एक मिनिटानं.
सहा वाजून चार मिनिटांनी लोखंडी फाटक
रुळावरून सुटलं,
डाव्या हातात सायकल होती,
उजवा फाटकाखाली.
तीन मिनिटं.
त्यांच्यावर सात वर्षं.

कंपनीचे विमे दोन.
एक आतल्यांसाठी,
एक बाहेरच्यांसाठी: वाटसरू, मालाचा ड्रायव्हर,
कुणी का परका असेना.
आतला विमा म्हणाला, भोंगा झाला, हा बाहेरचा.
बाहेरचा म्हणाला, कार्ड आहे की, हा आतला.
मालक म्हणाले, ठेकेदाराला विचारा.
ठेकेदारानं हजेरीचं पुस्तक उघडलं,
त्यात हुंदरे नव्हताच,
कुणी एक 'हुंडेर' होता, रोज वेळेवर येणारा.

अठ्ठावीस वर्षं मी कागद इकडचे तिकडं करतेय.
सदर इसम नक्की कुठल्या बाजूचा,
हा प्रश्न भाषांतराला आला
तेव्हा पेन थांबलं नाही माझं.
तो मला पाठ होता.

धारवाडचं पान अकरा, परिच्छेद चौदा.
फाटक कारखान्याचंच होतं, न्यायमूर्ती लिहितात.
भोंग्यानं पाळी संपते,
माणूस त्याच क्षणी रस्त्यावर गेला
असं समजता येत नाही.
दारातून निघणं हेही कामच.

मी वाचलं. तो म्हणाला, परत वाचा.
परत वाचलं.
"म्हणजे मी होतो तिथं."
"होतात."
मग कितीतरी वेळ तो बसूच्या मशीनचा
हिरवा उजेड बघत बसला,
इकडून तिकडं, तिकडून इकडं.

कन्नड आदेशात जागोजाग एक शब्द: परिहार.
तिकडं त्याचा अर्थ भरपाई.
आपल्याकडं परिहार शंकेचा करतात, दोषाचा करतात,
नाहीतर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी
मंडळाच्या पोरांना मिसळ घालतात, तो श्रमाचा.
पहिल्या खर्ड्यात माझ्याकडून तसाच राहिला:
'अर्जदार परिहारास पात्र आहे.'
कल्लाप्पा हसला, सात वर्षांत बहुतेक पहिल्यांदा कोर्टात.
"जेवण घालणार होय?"

खोडलं. भरपाई लिहिलं.
पगाराचे साठ टक्के, गुणिले वयाचा आकडा,
त्याचे तीस टक्के, कारण बोटं तीन.
कायद्याला तक्ता जोडलाय,
अंगठ्याला किती, तर्जनीला किती,
एकेका पेराला किती.
हा माणूस मोल्डिंगची वाळू मुठीत दाबून
ओल सांगायचा.
पाणी चमचाभर जास्त झालं तर
रस उसळून तोंडावर येतो म्हणे.
पोरं मशीनचा काटा सोडून
आधी याच्या मुठीकडं बघायची.
त्या मुठीचा रकाना मी दोनदा शोधला.
पान संपलं.

आता पैसे आलेत, बँकेत अडलेत.
सही जुळत नाही.
अंगठा चालेल म्हणाले साहेब.
"सातवी शिकलोय," म्हणाला हा,
आणि उठून आला.

रोज चारच्या सुमाराला येतो,
माझ्या रद्द कागदांच्या पाठीवर
डाव्या हातानं नाव गिरवतो.
'कल्ला'पर्यंत जमतंय.
'प्पा'ला कोपर टेबलाबाहेर जातं.
बसू काही न बोलता
आपलं मशीन वीतभर मागं घेतो.